शेवटी येणाऱ्याची जागा

१

हेल्मी आणि ओइवा ही बहीणभावंडं दर जुलैत उत्तरेच्या माळावर सात दिवस चालायला जात, त्याला यंदा त्रेचाळीस वर्षं झाली. वाट तीच, मुक्कामाच्या खोप्या त्याच, मासे धरायचे डोह तेच, आणि भांडणंही बहुतेक तीच. मधल्या काळात दोघांची लग्नं झाली. ओइवाची बायको वारली, हेल्मीचा नवरा हेलसिंकीला कामाला गेला तो तिकडचाच झाला. पण जुलैचा दुसरा आठवडा दोघांनी कधी कोणाला दिला नाही.

यंदाची गोष्ट जरा वेगळी होती. ओइवाला एकाहत्तरावं लागलं होतं. जन्मभर रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलेला हा माणूस अलीकडे स्वतःच्याच घराचा रस्ता चुकायला लागला होता. वसंतात दोनदा चुलीवर भांडं ठेवून विसरला, दुसऱ्या वेळी पडदे जळाले. त्याची मुलगी सान्ना हिने मग एक ऑगस्टपासून गावातल्या वृद्धाश्रमात त्याची सोय केली. हेल्मीने तिच्याकडे एक आठवडा मागितला.

"आत्या, सातव्या दिवशी दुपारी मी पुलापाशी गाडी घेऊन उभी राहते," सान्ना म्हणाली. "बाबांना नीट परत आण. मला फार भीती वाटते गं."

"आणते म्हटलं ना. तीस वर्षं टपालाची गाडी चालवली मी. एक पाकीट हरवलं नाही."

"म्हणजे मी रजिस्टर पार्सल झालो," ओइवा मागून म्हणाला. "पोचल्यावर सही घे हो तिची."

पहिल्या मुक्कामाची खोपी नेहमीसारखीच होती. ओंडक्यांच्या भिंती, एक खिडकी, लोखंडी चूल, झोपायला भिंतीच्या लांबीची फळी, त्यावर रेनडिअरचं एक जुनं कातडं. या खोप्यांना कुलूप नसतं आणि मालकही नसतो. येईल त्याने राहावं, जाताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवावीत. आणि जागा कमी पडली तर हक्क शेवटी येणाऱ्याचा. जो आधी आला तो शेकून-वाळून, जेवून बसलेला असतो, उशिरा येणारा दमलेला आणि भिजलेला असतो, म्हणून आधीच्याने उठायचं. हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. एकदा पहाटे तीनला पाच ओलेचिंब जर्मन दारात उभे राहिले, तेव्हा ओइवाने चकार शब्द न काढता बिछाना गुंडाळला होता, आणि दोघांनी उरलेला वेळ बाहेर एका ताडपत्रीखाली जर्मनांना शिव्या देत काढला होता. हेल्मी तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्या ताडपत्रीखाली ती जितकी हसली तितकी नंतर कधी हसली नाही.

ओइवाने चूल पेटवली. हात अजून शहाणे होते त्याचे. काळ्या भांड्यात कॉफी उकळली आणि कपांत ओतली. तीन कपांत.

"तिसरा कोणाला?"

"मागून येतोय त्याला."

"कोण येतंय मागून?"

"ते त्याला विचार की आल्यावर," तो म्हणाला आणि चुलीजवळची उबेची जागा सोडून दारापाशी जमिनीवर आडवा झाला. कातडंही त्याने घेतलं नाही. ते फळीवर नीट पसरून ठेवलं.

हेल्मीने वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, असं काहीबाही होईल, विरोध करू नका. जुलैत इथे सूर्य मावळत नाही, रात्र म्हणजे नुसती घड्याळातली गोष्ट. खिडकीतून येणाऱ्या पिवळ्या उजेडात ती भावाच्या पाठीकडे बघत पडून राहिली. कोणी आलं नाही. सकाळी तिने तिसऱ्या कपातली गार कॉफी दाराबाहेर ओतली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटेत रेनडिअरचा कळप आडवा आला. डासांनी हैराण होऊन जनावरं वाऱ्याच्या उतारावर जमली होती, शंभर-दीडशे तरी असतील. माद्यांच्या मागे त्या वर्षीची पिल्लं, घोट्यांतून त्यांचा तो टकटक आवाज. माणसं जवळ आली तशी जनावरं अंग चोरून दोन्ही बाजूंना सरकली, मधून वाट झाली, दोघं पलीकडे गेली आणि कळप पुन्हा मिटला.

"आठवतं, तुला एका मादीने ढुशी मारली होती?" हेल्मीने विचारलं. अशा जुन्या गोष्टी ती दिवसभर विचारत होती. एखादी लागली की ओइवाचा चेहरा उजळायचा, आणि मग तो तासभर तिचा पूर्वीचा भाऊ असायचा.

"मला नाही, तुला मारली होती. चांगली बसली होतीस तू चिखलात."

खरं होतं, तिलाच मारली होती. वर चढून दोघं पाणी प्यायला खडकावर बसली. खाली कळप चरत होता. बघता बघता मागच्या बाजूची जनावरं माना वर करून सरकली. मग त्यांच्या पुढची. कळपात तशीच वाट होत गेली, एका माणसाच्या चालीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कळप पुन्हा मिटला.

वाटेवर कोणी नव्हतं.

वारा असेल, हेल्मीने मनाशी म्हटलं. किंवा गवतात बसलेली अहमा असेल, त्या कुत्र्याएवढ्या अस्वलतोंड्या जनावराला रेनडिअर फार भितात. पण भ्यालेला कळप पळतो. हा बाजूला झाला होता आणि पुन्हा चरायला लागला होता.

"चल," ओइवा उठत म्हणाला. "लवकर पोचू. चूल पेटवून ठेवायला हवी."

त्या मुक्कामालाही तीन कप झाले. त्या रात्रीही तो दारापाशी झोपला.

३

चौथ्या दिवशी नदी लागली. दोघांच्या आयुष्यातली सगळ्यात आवडती जागा हीच. नदी वळणावर रुंद होते, भुरक्या खडकांमागे पाणी संथ होतं आणि तिथे हार्युस मासे असतात, पाठीवर शिडासारखा रंगीत पर असलेले. या डोहावर वडिलांनी ओइवाच्या हातात पहिल्यांदा गळ दिला होता. इथेच हेल्मीने त्याला आपलं लग्न ठरल्याचं सांगितलं होतं, आणि त्याने "माणूस बरा आहे, पण मासे धरत नाही" एवढंच मत दिलं होतं.

ओइवा गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने गळाची काठी मागे नेली. हेल्मी बघत राहिली. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना या माणसाला दहा मिनिटं लागली होती. आता दोर हवेत लांबत गेला, पिसं बांधलेला गळ खडकामागे अलगद टेकला, आणि तिसऱ्या खेपेला पाणी फुटलं. तासाभरात चार मासे आले. त्याला इथून परत नेऊच नये, असं तिला एकदम वाटलं. मग सान्नाचा चेहरा आठवला आणि तिने सुरी काढून मासे साफ करायला घेतले.

आतडी काढली की कूक्केली यायचा. हा तांबड्या शेपटीचा धीट पक्षी माणसाला मुळीच भीत नाही, हातातला तुकडा घेऊन जातो. आजही आला, पण तिच्याकडे नाही. तो वाटेवर, जरा मागे एका बर्चच्या बुंध्याशी उतरला आणि दोघांकडे पाठ करून, मान वाकडी करत, समोर कोणी खात बसलं असावं तसा वाट बघत राहिला. हेल्मीने तुकडा फेकला. त्याने वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात फटफट आवाज करत ऊला आला. हा सामी गडी, म्हणजे इथल्या मूळच्या रेनडिअरपाळ लोकांतला, चाळिशीचा, या भागातले रेनडिअर त्याच्या घराण्याचे. पिल्लांच्या कानांना खुणा करायच्या म्हणून तो आठवडाभर चार चाकांच्या फटफटीवरून कळप गोळा करत हिंडत होता. दर उन्हाळ्यात त्याची एक फेरी यांच्या कॉफीवर व्हायचीच.

"काय म्हातारबा, यंदा पण सगळे मासे संपवणार वाटतं," तो गाडीवरूनच म्हणाला.

"तुझ्यासाठी काटे ठेवतो," ओइवा म्हणाला.

ऊला हसला, बसला, इथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचा तुकडा टाकला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तिसरा कुठाय?"

"कोण तिसरा?" हेल्मीच्या हातातली सुरी थांबली.

"अहो ताई, काल वरच्या कड्यावरून दुर्बिणीतून बघितलं की मी. तुम्ही दोघं पुढं आणि एक जण मागं, दोनशे पावलांवर. परवा पण. म्हटलं, भांडले असतील. आधी वाटलं हा ओइवाच मागं राहिलाय, डावा खांदा खाली टाकून चालतो ना हा, तसाच. मग बघतो तर ओइवा पुढं पण आहे."

ओइवाने शांतपणे काठीचा दोर गुंडाळला.

"आम्ही दोघंच आहोत, ऊला," हेल्मी म्हणाली.

ऊलाने तिच्याकडे बघितलं, मग वाटेकडे, बर्चच्या बुंध्याशी बसलेल्या पक्ष्याकडे. "मग असेल कुणी," तो म्हणाला. चीज कपात तसंच ठेवून तो उठला. एरवी तो दोन तास उठत नसे.

४

पाचव्या दिवशी ओइवाला खोकला लागला. चार रात्री दाराखालून येणाऱ्या वाऱ्यात झोपल्यावर दुसरं काय होणार. कोरडा, दोन ठसके आणि मग एक लांब, वडिलांना यायचा तसाच. सहाव्या दिवशी तो वाढला, चढावर त्याला थांबावं लागलं. अजून एक रात्र आणि एक दिवस. हा आजारी पडला तर इथे ना फोन लागतो, ना रस्ता आहे.

"आज तू चुलीजवळ झोपायचंस," तिने सांगितलं.

"ती जागा त्याची आहे."

"अरे, तो येतच नाही ना पण."

"आपण सगळीकडे आधी जाऊन बसतो. तो बिचारा कसा येईल?"

यावर हेल्मी चालता चालता विचार करत राहिली. तिने सगळं नीट मांडून बघितलं. ऊला खोटं बोलणारा नाही, म्हणजे मागे कोणीतरी आहे. आपल्या लोकांत असे एकलकोंडे ढिगाने असतात, कोणाशी बोलायला लागू नये म्हणून मुद्दाम अंतर ठेवून चालणारे, खोपीत माणसं दिसली की बाहेर तंबू ठोकणारे. खांदा काय, कोणाचाही खाली असू शकतो. मग उपाय सोपा होता. त्याला पुढे जाऊ द्यायचं. तो आधी पोचेल, आपण शेवटी पोचू, मग नियमानेच उबेची जागा ओइवाची. ओइवा नियम मोडणार नाही, पण नियमाने मिळालं तर झोपेल. आपल्या हुशारीवर ती खूश झाली आणि तिला जरा हलकंही वाटलं.

शेवटच्या खोपीच्या अलीकडे मोठी दलदल आहे. तिच्यावरून फळ्यांची वाट जाते, दोन दोन फळ्या टोकाला टोक लावून टाकलेल्या. फळ्या संपल्या तिथे हेल्मीने भावाला बाजूला घेतलं आणि दोघं जुनिपरच्या झुडपांआड खडकावर बसली. तिने त्याला जाकीट पांघरलं, डास हाकलले, वाळलेल्या मांसाचे तुकडे करून दिले. घड्याळात आठ वाजले होते. ऊन दलदलीवर तिरकं पडलं होतं.

पाऊण तास गेला. मग लांबून पहिल्या सैल फळीचा आवाज आला. टप. अशा चार सैल फळ्या होत्या, मघाशी त्यांच्या पायांखालीही वाजल्या होत्या. दुसरी वाजली. तिसरी.

चौथी फळी झुडपापासून वीस पावलांवर होती. ती मधोमध दबली, दोन्ही बाजूंच्या शेवाळातून तपकिरी पाणी वर आलं. फळीवर कोणीच नव्हतं, असं हेल्मी शपथेवर सांगू शकली नसती, कारण नेमक्या त्या वेळी तिने मान खाली घातली. का घातली, ते तिलाही सांगता आलं नसतं. बुटांखाली बारीक खडी वाजली, जवळ आली, पुढे गेली. ओइवाने मान लववून कोणाला तरी नमस्कार केला.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"ओळखीचा वाटला," ओइवा म्हणाला आणि खोकला.

५

खोपीच्या धुराड्यातून धूर निघत होता. बघ, आहे कोणीतरी, हाडामांसाचा माणूस आहे, हेल्मीने स्वतःला बजावलं. माणसाशिवाय चूल कोण पेटवणार? तिने दार वाजवलं, मग ढकललं.

आत कोणी नव्हतं. चूल रसरसलेली होती. भिंतीशी लाकडं फोडून रचली होती, बारीक ढलप्या वेगळ्या. टेबलावर कॉफीचं भांडं आणि दोन कप. फळीवर चुलीजवळच्या जागी कातडं पसरलं होतं आणि त्यात माणसाच्या अंगाएवढा खळगा होता, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.

ओइवाने हात ठेवून बघितलं. "गरम आहे अजून. बघ, किती सभ्य माणूस. उठून जागा दिली."

"आहे कुठे तो?"

"बाहेर बसला असेल. आपण शेवटी आलो ना."

हेल्मीने खिडकीतून पाहिलं. अंगणात लाकडं फोडायच्या ओंडक्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. ऊन त्याच्या पलीकडून येत होतं, त्यामुळे नुसता आकार दिसत होता. डावा खांदा खाली. हाक मारावी, कॉफी विचारावी, निदान आभार मानावेत. एवढी साधी गोष्ट, पण तिच्याने ती झाली नाही. मागे वळली तर ओइवा त्या खळग्यात आडवा झाला होता. अंग कातड्यात नेमकं बसलं होतं त्याचं. दोन दिवसांत पहिल्यांदा तो खोकल्याशिवाय श्वास घेत होता.

"हेल्मी," तो डोळे मिटून म्हणाला, "इथं फार बरं वाटतंय गं. परत जायला हवंच का?"

"हवं. सान्ना वाट बघतेय."

"बरं," तो म्हणाला. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग आपला बिछाना तिने दाराला लावून आडवा टाकला. दार आत उघडतं. तिला हलवल्याशिवाय कोणी आत येणार नव्हतं की बाहेर जाणार नव्हतं. ती जागी राहायचं ठरवून झोपली, आणि दमलेलं माणूस झोपतं तशी गाढ झोपली.

६

ती जागी झाली ती कुऱ्हाडीच्या आवाजाने. बिछाना दाराला जसाच्या तसा टेकलेला होता. फळीवर कातडं गुंडाळून ठेवलं होतं. बाहेर ओइवा लाकडं फोडत होता आणि शीळ घालत होता.

"उठलीस का, टपालवाली? कॉफी निवतेय तुझी."

"तू बाहेर कसा आलास?"

"दारातून," तो हसून म्हणाला.

खोकला गेला होता. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. वाटेला लागल्यावर तो पुढे चालला, दमदार पावलं टाकत, आणि बोलत सुटला. वडिलांची काठी कुठे मोडली, जर्मन किती होते, कोणाचं नाव काय होतं, हेल्मीच्या लग्नात पाऊस किती वाजता आला. एकही गोष्ट चुकली नाही. ती हे ऐकायला सहा दिवस आसुसलेली होती. आणि आता मात्र प्रत्येक आठवणीबरोबर ती एकेक पाऊल मागे राहत होती.

नदी पुन्हा लागली तिथे तो थांबला. "इथं तू रडली होतीस. मोठा हार्युस दोर तोडून गेला, तेव्हा. या खडकावर बसून, तोंडात रुमाल कोंबून."

ते एका वर्षीच झालं होतं. त्रेचाळीस वर्षांत त्या एकाच वर्षी ओइवा हर्नियाच्या ऑपरेशनमुळे चुकला होता आणि ती एकटीच आली होती. नवरा परत येणार नाही, हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. ते रडणं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, ओइवाला तर नाहीच.

"तू कुठे होतास त्या वर्षी?" तिने विचारलं.

"मागेच होतो की," तो म्हणाला आणि चालू लागला.

हेल्मी जागेवर उभी राहिली. रान शांत होतं. मग मागून, वळणापलीकडून, आवाज आला. कोरडा खोकला. दोन ठसके आणि मग एक लांब.

ती धावत मागे गेली, वळणापर्यंत, त्याच्याही पुढे. वाट रिकामी होती. "ओइवा," तिने हाक मारली. खोकला पुन्हा आला, आता आणखी मागून, तेवढ्याच अंतरावरून. मागून येणाऱ्याने उठून आपली जागा दिली होती, आणि तिच्या भावाने ती घेतली होती. सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं. आणि शेवटी पोचायचं तिनेच ठरवलं होतं.

७

पुलापाशी सान्ना गाडीला टेकून उभी होती. तिला बघताच तो झपाझप पुढे गेला. "सान्ना, मागच्या चाकात हवा कमी आहे, पोरी. आणि आईची कर्णफुलं घातलीस? छान दिसतात."

सान्नाने तोंडावर हात घेतला. तिने वडिलांना मिठी मारली आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. "आत्या, अगं, बाबांना सगळं आठवतंय. काय केलंस तू? आता कसला आश्रम न् कसलं काय, मी घरी नेते त्यांना."

तो गाडीत बसला, पट्टा लावला. काचेतून त्याने हेल्मीकडे पाहिलं आणि मान लववली, अनोळखी माणूस जागा दिल्याबद्दल लववतो तशी.

हेल्मी अजून वाटेच्या तोंडाशीच होती. शब्द दिला होता, आणि सान्नाच्या चेहऱ्यावर असा आनंद तिने वर्षभरात पाहिला नव्हता. तो मोडायला तिच्याकडे कारण काय होतं? एक खोकला. पाइनच्या झाडांमागे तो चालूच होता. सान्नाला तो ऐकू येत नव्हता, किंवा तिला आज दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"आत्या, चल ना. पाऊस येतोय."

"गाडीत त्याचा जाड स्वेटर असेल ना?"

"आहे मागे. बाबा, थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"त्याला नको. मला दे."

सान्नाने स्वेटर काढून दिला. हेल्मीने तो नीट घडी करून काखेत धरला, पिशवी पुन्हा पाठीवर घेतली आणि पट्टे आवळले.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."